विमलचा वाटा

सुट्टी लागायच्या दिवशी किशोरी बाईंनी सातवीच्या पोरांना शाळेच्या कपाटातली इंग्रजी पुस्तकं वाटली आणि मे महिन्याचं काम सांगितलं. रोज एक पान मोठ्याने वाचायचं, घरातल्या कुणाला तरी त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा, आणि ते सगळं फोनवर रेकॉर्ड करून वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं. सुट्टीत पोरांच्या जिभेवरचं इंग्रजी पार पुसून जातं, जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून गिरवावं लागतं, अशी बाईंची तक्रार होती. या कामामुळे विमलच्या पोटावर पाय यायची पाळी येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

विमल म्हणजे रियाची आई. मालवणच्या अलीकडे आमची वाडी आहे, तिथल्या रापणीच्या दोरीवरची बाई. होडी लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडून येते आणि मग किनाऱ्यावरची माणसं दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून, वाळूत टाचा रोवत, मागे मागे सरत ते ओढतात, ती रापण. मासळी वर आली की वाळूतच वाटे पडतात. विमलचा नवरा लवू होता तोवर दोरी त्याची होती. तो तापाने गेला आणि तेराव्याच्या दुसऱ्याच पहाटे विमल पदर खोचून त्याच्या जागी उभी राहिली. रापणीचे तांडेल भाई, सगळा कारभार त्यांच्या हातात, तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बायलमाणसाक अर्धो वाटो. परवाडता तर धर."

तिने दोरी धरली. त्याला तीन पावसाळे झाले. ओढायची सगळ्यांएवढी, न्यायची निम्मी. ती निम्मी पाटी डोक्यावर घेऊन एसटीने कट्टा गावाला जायची आणि बाजारात बसायची. जीभ तिखट. गिऱ्हाईक बांगड्याचा डोळा दाबून दाबून बघायला लागलं की म्हणायची, "काय गो, तेका चष्मो करूचो आसा?" लोक हसत आणि बांगडा घेत. पण भाईंसमोर ही जीभ टाळूला चिकटलेली असायची.

त्या दिवशी संध्याकाळी विमल मागल्या दारी कोकमाचे रतांबे फोडत बसली होती. कोपरापर्यंत हात लालभडक. रियाने पायरीवर बसून पान वाचलं आणि फोन मांडीवर ठेवून अर्थ सांगायला घेतला.

"एक गिरणवालो आसा. तेच्याकडे एक घोडो नि एक गाढव. दोघांच्या पाठीर गोणी सारक्याच. पण चारो घालताना घोड्याक आख्खी पाटी नि गाढवाक अर्धी."

"कित्याक?"

"गाढव म्हणान."

विमलच्या हातातला रतांबा तसाच राहिला. "गे बाय माझे! ह्यो तर आमचो भाई! दोरयेक विमल आख्खी, वाट्याक अर्धी. कित्याक, तर बायलमाणूस म्हणान! फुकटचो तांडेल मेलो. स्वतः एक दिस दोरी ओढूक सांग, कंबरेत उसण भरतली."

रिया खदखदून हसली. रेकॉर्डिंग बंद करून पाठवायचं बटण दाबलं तिने, पण ते हसणं झाल्यावर.

विमलच्या घरात रेंज नाही. निरोप फोनमध्ये अडकून बसतात आणि वाटेतल्या ओढ्यावरच्या साकवावर पोचलं की आपोआप सुटतात. रतांब्याच्या सोलांना चोळायला मीठ हवं म्हणून रिया दुकानात निघाली. दुकानाजवळ पोचते तोवर फोन खणखणू लागला. आधी हसरे चेहरे आले. मग तेजस्वीचा निरोप आला. तेजस्वी म्हणजे भाईंची नात, रियाच्याच वर्गातली. 'अगं रिया, हे काय पाठवलंस? मी सगळ्यांसमोर लावलं. आजोबा इथेच बसलेत.'

रियाने फोन कानाला लावला. आपलं इंग्रजी ऐकलं, गाढवाचा चारा ऐकला, आणि पाठोपाठ आईचा खणखणीत आवाज. तिने घाईघाईने ते पुसून टाकलं. पण पुसल्याची खूण ग्रुपवर राहिलीच, आणि ज्यांनी ऐकलं नव्हतं ते, ऐकलं होतं त्यांना विचारू लागले की काय होतं रे त्यात.

मीठ न घेताच ती परत आली. दाराला धरून तिने सगळं सांगितलं.

"भाईन आयकल्यान?"

"तेजू म्हणता, थंयच बसलेले."

विमलने रतांब्यांचं टोपलं बाजूला सारलं. भाईंनी उद्या नुसतं 'बाजूक हो' म्हटलं की झालं. आजूबाजूच्या कुठल्याही रापणीत बाईला उभं करत नव्हते. मालवणच्या जेटीवर लिलावात मासळी विकत घेण्याएवढा पैसा तिच्याकडे नव्हता. दोरी सुटली की कट्ट्याचा बाजार सुटला, आणि मग घरात चूल कशावर पेटणार?

"ता पुस्तक उद्या शाळेत नेवन टाक," ती एकदम ओरडली. "बाईक सांग, आमका तुझा इंग्लिश नको."

"शाळा बंद आसा गे आये."

"मगे दर्यात टाक!"

एवढ्यात शेजारची यशोदा काकी आलीच. तीही दोरीवरची, तीही अर्ध्या वाट्याची. "विमले, काय बोललंस गो तू! सगळी वाडी वाजता. आत्ताच्या आत्ता भाईच्या घराक जा नि पाय धर."

"असल्या हातांनी?" विमलने लाल हात पुढे केले. "माणूस मारून इलंय असा वाटात."

"तुका मस्करी सुचता!"

"काकी, मी खोटा बोल्लंय काय?"

"खऱ्यान पेज शिजणा नाय, बाये."

काकी गेल्यावर विमल हात धुऊन दुसरं लुगडं नेसली आणि भाईंच्या घराकडे निघाली. अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत पोचली. आत भाई खाकरत होते, टीव्ही लागला होता, कुणीतरी कशाला तरी हसलं. आपल्यालाच हसतात, असं तिला वाटलं. ती तिथे थोडा वेळ उभी राहिली. पाय धरायचे तर काय बोलायचं, हे तिने मनात जुळवून बघितलं. 'चुकलंय' हा शब्द काही केल्या जुळेना. ती परत फिरली.

सकाळी ती किनाऱ्यावर आली तेव्हा बोलणं थांबलं. एरवी, "इली बघ कट्ट्याची मालकीण," असं कुणीतरी म्हणायचं. आज सगळे दोरीच्या गाठी तपासण्यात गुंतले होते. आईने घरी थांब म्हटलं तरी रिया पाटी घेऊन मागोमाग आलीच. भाई ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी विमलकडे बघितलंही नाही.

ती आपल्या जागी गेली. दोरी धरली. कुणी अडवलं नाही.

ओढताना दर खेपेला तिला वाटायचं, आता हाक येईल. टाच रोवायची, ओढायचं, कान होडीकडे. घाम डोळ्यांत उतरला तरी तिने हात सोडला नाही, जणू हात सोडला की जागा गेली. पुढे एक म्हातारा, मागे काकी, त्यामागे आणखी दोन बाया. एक प्रितेश सोडला तर तरुण पोरं दोरीवर दिसतच नव्हती. भाईंचे दोन्ही नातू मालवणात पर्यटकांना पाण्यातल्या स्कूटरवरून फिरवत होते.

जाळं वर आलं. बांगडे होते, पेडवे होते, थोडी सुंगटं. प्रितेश वाटे घालू लागला आणि भाई काठी टेकत त्याच्यामागून निघाले. विमलसमोर निम्मा वाटा पडला, नेहमीसारखा. भाई तिथे थांबले.

"हिचा चेडू खंय आसा?"

रिया पाटीमागून पुढे आली.

"काल तू गोष्ट अर्धीच धाडलंस," भाई म्हणाले. "वर पुसून टाकलंस. त्या गाढवाचा फुडे काय झाला?"

"भाईनू, चेडवाक मदी घेव नका," विमल मध्ये पडली. "बोल्लंय ता मी बोल्लंय."

"तुका इचारूक नाय."

रोज एकच पान वाचायचं असं बाईंचं सांगणं होतं. पण रियाला दम कुठला! तिने पुढची पानं चोरून वाचली होती. आईकडे बघत ती म्हणाली, "गाढव वाटेत उभ्या रव्हला."

"मगे?"

"गिरणवाल्यान मारल्यान. तरी हलला नाय. मगे सगळ्यो गोणी घोड्यार घातल्यान. घोडो मटकन खाली बसलो. मगे गिरणवाल्यान स्वतः पाठीर घेतल्यान."

"म्हणजे आमी घोडे काय रे?" प्रितेश पुटपुटला. दोघं-तिघं फिसकन हसले. भाईंनी मान वळवली तसं हसू विझलं.

विमलने समोरच्या निम्म्या वाट्याकडे बघितलं. आणि जी जीभ तीन पावसाळे भाईंसमोर हलली नव्हती, ती हलली. "भाईनू, उद्यापासून मी अर्धीच दोरी ओढतलंय."

"अर्धी? अर्धी कशी ओढतलंस?"

"तुमी अर्धो वाटो घालतास, तशी. अर्ध्यार इली काय सोडून दितलंय."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता संपलं. भाईंची काठी वाळूत रुतत चालली होती.

"मीय," मागून यशोदा काकी म्हणाली. कालपर्यंत पाय धरायला सांगणारी काकी. तिने खांद्यावरचं दोरीचं वेटोळं वाळूत टाकलं. बाकीच्या दोघी चार पावलं सरकून तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

भाईंनी दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. चार बाया वजा केल्या तर उरत होते खोकणारे म्हातारे, एक प्रितेश आणि ते स्वतः. मग त्यांनी समुद्राकडे बघितलं, जणू तिकडून कुणी धावून येणार होतं.

"प्रितेश, वाटे मोड. परत घाल."

"कसे घालू?"

"माणसां मोजून."

"म्हणजे आमचे बारीक होतले, भाईनू!"

"होतले तर होतले. नको तर जा मालवणात, स्कूटर चालय."

प्रितेश तोंडातल्या तोंडात शिव्या देत वाकला. वाटे पुन्हा पडले, सगळ्यांचे जरा जरा लहान. दोन म्हातारे आपला वाटा उचलताना विमलकडे बघायचं टाळत होते. ते तिला दिसलं. उद्या दोरीवर ते तिच्याशी बोलणार नाहीत, हेही समजलं. ती पाटी भरत राहिली.

"काय गो," भाई रियाला म्हणाले, "उरलेली पानां किती आसत त्या पुस्तकात?"

"बरीच आसत, आजोबानू."

"आमच्या तेजूक बाईन फुलपाखरांचा पुस्तक दिल्यान. आणि तुका नेमका गाढव!" त्यांनी काठी वाळूतून उपसली. "आजचा पान वाचशीत तेवा माका बोलव. धाडूच्या आधी. आणि विमल, तू मदी बोला नको."

विमलने पाटी डोक्यावर घेतली. वजनाने मान जराशी खाली गेली, मग सरळ झाली.

"ता काय माका जमाचा नाय, भाईनू," ती म्हणाली आणि एसटी गाठायला निघाली.