ऑइलपेंटचा ओम

जग बुडणार म्हणून चॅनेलवाले बोंबलत होते, त्या वर्षी मी आणि माझा मित्र पिंपळे गुरवला कॉट बेसिसवर राहायचो. दोघंही चाकणच्या एकाच कंपनीत ट्रेनी, एकाच बसने जायचो, डबाही एकाच मावशींचा. कुठल्याशा माया लोकांच्या कॅलेंडरात म्हणे जगाचा शेवट लिहिलेला. मित्र म्हणाला, "भावा, नाही बुडालं तर एकदा जाऊन बघायचंच, कोण होती ही माणसं." जग काही बुडालं नाही. आमची लग्नं झाली, पोरं झाली. तो प्रॉडक्शन मॅनेजर झाला आणि मी ग्राइंडिंग लाइनचा इनचार्ज.

मग कंपनीच्या मेक्सिकोतल्या प्लांटमध्ये नवी लाइन टाकायचं ठरलं. तिथल्या लोकांना शिकवायला आम्हा दोघांना पाठवणार होते. लगेच शॉप फ्लोअरवर कुजबुज सुरू झाली, चाकणची लाइन बंद होणार. माझ्या हाताखालचा एक ऑपरेटर बीडचा होता. त्याने संत तुकाराम नगरात खोली बघून ठेवली होती, पण बायको-पोरांना गावाहून आणावं की नाही, पोरांचे शाळेचे दाखले काढावेत की नाही, हे सगळं माझ्या शब्दावर अडलेलं. मी मित्राला केबिनमध्ये गाठून सरळ विचारलं. तो म्हणाला, "आईशप्पथ सांगतो. तिकडं नवी मशिनं येणारेत. आपल्या लाइनचा नटसुद्धा हलत नाही. सांग पोरांना बिनधास्त." मी सांगितलं. बीडवाल्याने बिऱ्हाड आणलं.

मेक्सिकोत नवी मशिनं यायची होती, तोवर तिथल्या जुन्या मशिनांवर मी जीव तोडून शिकवलं. मशिनचा आवाज बदलला की काय समजायचं, कुठला पार्ट हाताला गरम लागला की थांबायचं, सगळं. ही अक्कल कुठल्या मॅन्युअलात मिळत नाही, ती आम्ही शिफ्टा घासून कमावलेली. तिथली एक इंजिनियर मुलगी फार मन लावून शिकायची. ती मूळची माया मुलखातली, तिची आई घरी अजून तीच भाषा बोलते. मी म्हटलं, मला वाटायचं ती माणसं कधीच संपली. ती हसून म्हणाली, "मग मी कोण?" सलग सुट्ट्या आल्या तेव्हा विमानाने ती आम्हाला आपल्या गावाकडे घेऊन गेली.

सकाळी तिथल्या जुन्या माया शहराचं गेट उघडताच आम्ही आत गेलो. झाडी संपली आणि एकदम समोर तो दगडी पिरॅमिड. वर चढायला बंदी आहे, त्यामुळे लोक खालीच उभे राहून टाळ्या वाजवत होते. पायऱ्यांवरून टाळीचा आवाज परत येतो तो पक्ष्याच्या ओरडण्यासारखा. आम्ही दोघांनीही वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. मित्राने माझ्या खांद्यावर हात टाकला. म्हणाला, "आलो की नाही राव?" खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

बाहेर गाडीवर तिखट-मीठ आणि लिंबू लावलेली कैरी मिळाली, थेट आपल्याकडच्यासारखी. खाता खाता त्या मुलीने मला विचारलं, "तुमच्या मशिनच्या पॅनेलवर लाल रंगात एक अक्षर आहे. ते पवित्र असेल ना? मशिनं इथं आल्यावर ते ठेवायचं की रंगाखाली घालायचं? आई म्हणते, न विचारता पुसू नको."

मला आधी काही कळेना. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. खंडेनवमीला आम्ही मशिनांची पूजा करतो. कुंकवाचा ओम दरवर्षी मशिनवर पडणाऱ्या कूलंटच्या पाण्याने पुसला जातो, म्हणून बीडवाल्याने एकदा चक्क ऑइलपेंटने काढला. ऑडिटवाल्यांनी मला झापलं होतं. रंगाचा ओघळसुद्धा तोच. नवी मशिनं कसली, ती माझीच लाइन होती.

"हे फोटो कुणी पाठवले?"

"त्यांनी," ती सहज म्हणाली आणि मित्राकडे बघितलं. तो हातातल्या कैरीकडे बघत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, आईची शपथ घेतली होतीस ना? तो म्हणाला, वरून सक्त ताकीद होती, कुणालाच बोलायचं नाही. मी म्हटलं, मी 'कुणी' आहे का? एका ताटात जेवलोय आपण, आणि मी 'कुणी'? तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू आला असतास का? आणि तुझ्याइतकं चांगलं शिकवणारं दुसरं कोण होतं?" म्हणजे हा माझं कौतुक करत होता. केसाने गळा कापला आणि वर कौतुक. कंपनी त्याला मेक्सिकोतच ठेवणार होती, मोठ्या पोस्टवर, हेही तेव्हाच कळलं. "तुझ्यासाठी पण शब्द टाकतो," म्हणाला. मी म्हटलं, तुझा शब्द तुझ्याकडेच ठेव. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. ती मुलगी बिचारी लांब उभी राहून आपलं काय चुकलं ते शोधत होती.

मी तिथेच एका झाडाखाली बसून बीडवाल्याला फोन लावला. त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. तिकडे रात्र झालेली, जेवणं चालली असावीत, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"काय दादा, झालं का बघून? लईच मोठं असंल की."

मी सगळं सांगितलं. लाइन जाणार, मशिनं इकडे येणार, मला आत्ता कळलं. पोरांचा आवाज बंद झाला, तो उठून बाहेर आला असणार.

"तुमी त्यास्नी शिकवायला गेलात," तो म्हणाला, "अन् तुमालाच माहीत नव्हतं?"

"नव्हतं रे. माझ्या मुलीची शपथ."

त्याने मागचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"बरं, सर," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.