कटरला बांधलेला नाडा

मी तोंडाची फटकळ. आमचे हे दारं-खिडक्या, पलंग बनवतात. बदनापुरात घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्येच काम चालतं, आणि फळीचं दुसरं टोक धरायला मी असते. त्यामुळं कटर मशीनवरून आमची रोजची खडाजंगी ठरलेली. पदर खोचून ये, असं ते मला सांगणार. पातं थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवू नका, असं मी त्यांना. ते म्हणणार, गार्ड आहे की! हातात धरायच्या त्या कटरच्या पात्यावर एक झाकण असतं, तेच गार्ड. लाकडात शिरताना ते मागं सरकतं, काप संपला की स्प्रिंगनं खट्कन खाली येतं. त्याच्या भरवशावर हे फिरतं मशीनसुद्धा खुशाल पायाशी टेकवायचे.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा आत्याबाईंकडं, म्हणजे माझ्या सासूकडं. शेतात होत्या तेव्हा विळा, कुऱ्हाड पुजायच्या. आता रंधा, ड्रिल, कटर पुजतात. त्या वर्षी कुंकू लावायला त्यांना पातंच दिसेना. देवाचं तोंड झाकून कसं ठेवायचं? त्यांनी गार्ड वर सरकवलं, पात्याला कुंकू लावलं आणि गार्ड परत पडू नये म्हणून पूजेच्या नाड्यानं ते चांगलं आवळून बांधलं. असा नाडा आमच्याकडं कुणी हातानं सोडत न्हाई. आपोआप तुटेपर्यंत राहू देतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी घनसावंगीच्या गिऱ्हाइकाचं दार कापायला घेतलं. नाडा त्यांना दिसला, मलाबी दिसला. आधी तो तोडा, मी म्हणलं. तर म्हणे, आईनं बांधलाय, राहू दे, दोन काप तर मारायचेत. काप सरळ गेला. मंग सवयीनं मशीन पायाशी टेकवलं. पातं फिरून राह्यलं होतं आणि झाकण वर बांधलेलं. मशीन फरशीवर उसळलं आणि ह्यांच्या पोटरीत घुसलं. मी पळत जाऊन प्लग ओढला, पदर फाडून त्यानं पाय करकचून आवळला आणि शेजाऱ्याच्या रिक्षात घालून त्यांना जालन्याला नेलं. पाय राहतो का जातो, हे डॉक्टर सांगेपर्यंत मी दारातून हलले न्हाई. पाय राहिला.

मंग मात्र माझं डोकं तापलं. घरी जाऊन आत्याबाईंना चांगलं सुनावणार होते. ह्यांनी कॉटवरूनच माझा हात धरला. म्हणाले, "तिला नाड्याचं सांगू नको. मरेपर्यंत जिवाला लावून घेईल." घरी सांगितलं, पाय घसरला. मी गिळून गप बसले. माझ्यासारखीला गप बसणं किती जड जातं, ते माझं मलाच ठाऊक.

पण म्हातारी काय खुळी हाय? आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा शेड त्यांनीच धुतलं होतं. मशीन पाहिलं होतं, नाडाही. बोलल्या काहीच न्हाईत. फक्त शेडमध्ये पाऊल टाकणं बंद केलं. चहासुद्धा बाहेरूनच द्यायच्या. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी पूजेचं ताट माझ्या हातात ठेवलं. तूच कर, म्हणाल्या, माझा हात आता हत्याराला नको. बाई वर्षभर हे एकटीच सोसून राह्यली होती. जिला सुनावायला निघाले होते, तिच्यासाठीच माझे डोळे भरून आले.

ह्यांनी कटर उचललं आणि लंगडत ओट्यावर आले. वीज न्हाई हे दाखवायला प्लग आईच्या हातात दिला. गार्ड वर करून सोडलं. खट्. मंग तिचा हात धरून तिच्याकडून करून घेतलं. खट्.

"ह्या देवाचं तोंड झाकलेलंच बरं, आई. कुंकू मुठीला लाव."

त्यांनी मुठीला कुंकू लावलं, नाडा प्लगपाशी वायरला बांधला आणि लेकाच्या पोटरीवरून हात फिरवत खूप रडल्या.

तेव्हापासून रोज सकाळी हे कामाला लागले की ओट्यावरून हाक येते, वाजव. प्लग लावायच्या आधी हे गार्ड वर करून सोडतात. खट् ऐकलं की मंगच आत्याबाई चहा ठेवतात. शेडमध्ये मात्र त्या येत नव्हत्या.

परवा टेम्पोवाला दारात खोळंबला होता. ह्यांनी घाईत न वाजवताच मशीन चालू केलं. फळी धरलेली मी ओरडणार, तेवढ्यात मशीन आपोआप बंद पडलं. वळून पाहिलं तर आत्याबाई अनवाणी, लाकडाच्या भुशात उभ्या. ओढलेला प्लग त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"आधी वाजव," म्हणाल्या.