धाऊचं कपाळ आणि गिरजाचा आंबा

धाऊ डाव्या कानाने ठार बहिरा आणि उजव्याने सोयीपुरता. हे त्याच्या बायकोचं, देवकीचं म्हणणं. "कामाचं बोल, नाय ऐकू यायचं. जेवाया ये म्हन, बांधावरनं ऐकू येतं!" तरी खर्डीकडच्या गावांत जुनं झाड पोकळ झालं, की बोलावणं धाऊलाच. तो कपाळ खोडाला टेकायचा, दुसऱ्याने कुऱ्हाडीच्या पाठीने खोड ठोकायचं. लाकूड जितं की कुजकं, ते त्याला कपाळातून कळायचं.

अडतीस सालच्या वैशाखात गिरजाने त्याला नेलं. एकटी बाई. आंबा झोपडीवर कललेला, बुंध्यात ढोली. पावसाळ्यात कोसळला तर झोपडी जाणार, आधीच तोडला तर निम्म्या वर्षाचं पोट.

गिरजा ठोकत गेली, धाऊ कपाळ लावत गेला. "एक बाजू धड हाय. आत पानी साचलंय, ते काढू. झोपडीवरची फांदी उतरवू. ढोलीत माती भरू नको, अजून कुजंल."

तेवढ्यात वाटेने शेजारची अंबूबाई गेली. तिला दिसलं एवढंच, की धाऊ झाडाच्या पाया पडतोय. दुपारपर्यंत बुंध्याला कुंकू, पुढ्यात नारळ, भोवती निम्मं गाव.

धाऊने कोयता काढला तशी अंबूबाई आडवी आली. तिच्या बोलण्याला शेवटी शेपूट असे. "देवाचा हात तोडतोस रे मेल्याऽऽ?"

"गो, मी पाया नाय पडलो. ऐकत हुतो."

"आयकलात? देव बोललाऽऽ!"

"पानी बोललं, पानी!"

"म्हंजे तीर्थऽऽ!"

लोकांनी हात जोडले. गिरजाचा चेहरा उतरला. आता फांदीला कोण हात लावू देणार?

धाऊ गिरमिट घेऊन खाली बसला आणि ढोलीच्या तळाशी तिरपं भोक पाडलं. काळं, कुबट पाणी भळाभळा आलं. हात जोडलेली माणसं चार पावलं मागे सरली.

"घे गो अंबू, तीर्थ. धर वंजळ."

अंबूबाईने पदर नाकाला लावला. पदराआडून तिचा आवाज आला, शेपूट नसलेला. "काडा ती फांदी. नि वास जाईल असं कायतरी करा."

संध्याकाळी फांदी उतरली. पाणी थांबू नये म्हणून धाऊने काप तिरका तासला.

"किती वर्सं काढंल?" गिरजाने विचारलं.

"पाच-सा. दुसरं आत्ताच लाव."

तिने त्याच महिन्यात कोय पुरली. जुना आंबा पंचेचाळीस साली पडला, झोपडीच्या उलट्या अंगाला. धाऊ त्याच्या दोन वर्षं आधीच गेला होता.