एकाच बास्केटचा सराव

आमचे हे मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळतात. परीक्षानळ्या धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, एवढंच काम. खेळाच्या बाई नोकरी सोडून गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी बास्केटबॉलचा संघ यांच्या गळ्यात मारला, कारण नाही म्हणणं यांना जन्मात जमलेलं नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आमचं घर सदा तयार! आयुष्यात चेंडूला हात न लावलेला हा माणूस ग्रंथालयातून पुस्तक घेऊन आला आणि स्वयंपाकघरात खुर्च्या मांडून त्यांच्यामधून वाकडातिकडा धावायला लागला. मी झारा आडवा धरून त्यांना अडवायचं, हा माझा सराव. एकदा चेंडू दुधाच्या पातेल्यात पडला, तेव्हापासून मी विरुद्ध संघाचा राजीनामा दिला.

शाळेच्या मैदानावर बास्केट एकच, फाटकाच्या बाजूची. समोरचा खांब गंजून पडला तो पडलाच. त्यामुळे सगळा सराव एकाच दिशेने. मधल्या रेषेवरून निघायचं, तीन पास, दोन पावलं, उडी, फळीवर टप्पा. वर्षभर रोज हेच. त्यात शिडी सगळ्यांत तरबेज. नववीतली पोर, उंचीची इतकी लाज की वर्गात पाठ वाकवून बसायची. शिडी हे नावही वर्गातल्यांनी चिडवायला ठेवलेलं. खेळायला लागल्यावर तिने ते स्वतःच चेंडूवर लिहिलं. तिची आई मला म्हणाली होती, "ताई, आता घरात हिचा आवाज ऐकू येतो."

दुसऱ्या शाळेशी ठरलेल्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी जेवताना यांचा घास हातातच राहिला.

"अगं, अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलतात. पोरींना दुसरीकडे टाकायची सवयच नाही."

"मग सांगा की त्यांना!"

सकाळी मी पुन्हा आठवण करून दिली. "आयत्या वेळी सांगितलं तर गोंधळतील," असं म्हणाले आणि सामन्यात तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

मी प्रेक्षकांत होते. बाजू बदलल्यापासून पोरी चाचपडतच होत्या. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणाने पुढे. सामना ज्या हॉलमध्ये होता त्याचं दारही, आमच्या फाटकासारखं, नेमकं पहिल्या अर्ध्यात आम्ही टाकत होतो त्याच बास्केटकडे. शिडीने चेंडू पकडला आणि सवयीने दाराकडे वळली. दोन पावलं, उडी, फळीवर टप्पा. इतकी सुरेख बास्केट तिने कधी टाकली नव्हती, पण टाकली आमच्याच विरुद्ध. बाकीच्या पोरी जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, तिला वाटलं शाबासकी देताहेत. दोन गुण समोरच्यांना गेले, आम्ही एकाने हरलो. सगळा हॉल खो खो हसत होता. मला रडू आलं.

आठवडाभर शिडी सरावाला आली नाही. खेळणंच सोडलं म्हणून कळलं. यांना अन्न गोड लागेना. मला दया येत होती आणि संतापही. शेवटी मीच यांना तिच्या दारात नेऊन उभं केलं.

"चूक तुझी नाही," हे म्हणाले. "बाजू बदलतात हे मला आदल्या दिवशीच आठवलं होतं."

ती पुढे आली. "मग सांगितलं का नाही?"

"वाटलं, गोंधळाल."

"सगळे मला हसले, सर."

तिने डोळे पुसले. "हे सगळ्यांसमोर सांगा. सांगितलंत तर बघू."

दुसऱ्या दिवशी मीही मैदानावर गेले, न जाणो यांचा पाय मागे निघाला तर! पोरी रांगेत होत्या. शिडी सगळ्यांत मागे, दप्तर पाठीवर तसंच. यांनी अडखळत का होईना, सगळं सांगितलं. आठवलं होतं, घाबरलो, बोललो नाही. चूक माझी.

मग संघातली सगळ्यांत लहान, जिला सगळे चिमणी म्हणतात, तिने हात वर केला.

"सर, मलापण आठवलं होतं. अर्ध्या वेळेच्या सुट्टीत, हॉलमध्येच."

"मग बोलली का नाहीस?" शिडी मागून ओरडली.

"सर काहीच म्हणाले नाहीत ना. मला वाटलं, माझंच चुकत असेल."

हे तिथल्याच पायरीवर बसले आणि रडायला लागले. इतक्या वर्षांत मी यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मग शिडीने दप्तर उतरवून खाली ठेवलं आणि पुढे जाऊन चिमणीच्या शेजारी उभी राहिली.