फिट येणारी मुलगी

"तुला फिट येतात, हे तू आमच्यापासून लपवलंस," मदर म्हणाल्या.

मला कधीही फिट आलेली नव्हती. फिट येतात असं त्यांना सांगणारी माझी आई शेजारीच बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "लहानपणापासून येतात, मदर. आम्ही चप्पल हुंगवतो."

चप्पल म्हटल्यावर मदरना शंकाच उरली नाही. फिट येणाऱ्या मुलीला सिस्टर होता येत नसे. अंबरनाथच्या त्या कॉन्व्हेंटमध्ये मी आठ महिने काढले होते. वय सतरा. त्याच दिवशी मला घरी धाडलं.

कॉन्व्हेंटमध्ये होते तेव्हा रोज सकाळी एक सिस्टर मला उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये न्यायची. फाळणीनंतर आलेल्या सिंधी मुलांची शाळा तिथे एका बराकीत भरायची. मोठ्यांना सिस्टर शिकवायची, लहानांना मी. मी चौथी पास, पण अक्षर चांगलं. मुलं पाटीवर उजवीकडून सुरुवात करायची, कारण त्यांचे बाप सिंधी तसंच, उर्दूसारखं लिहायचे. मी प्रत्येक पाटीच्या डाव्या कडेला खडूचा ठिपका काढून द्यायचे. पंधरवड्यात ठिपका लागेनासा झाला. मला शिकवता येतं हे तिथे कळलं, आणि मला तेच करायचं होतं. देवाने हाक मारली वगैरे मी कधी म्हटलं नाही.

बदलापूरला घरी आल्यावर आईला विचारलं, असं का केलंस.

"बाप नाही. मी कारखान्यात गेले की तुझ्या मागच्या तिघांना कोण बघणार? तुझी मदर?"

"मग तसंच सांगायचं होतंस."

"तसं सांगून सोडलं असतं तुला?"

फिटची बातमी वस्तीभर झाली. शेजारणी मला विहिरीवर एकटीला जाऊ देईनात. लग्नासाठीही कोणी विचारायला आलं नाही. एवढा पुढचा विचार आईने केला नव्हता.

पाच वर्षं मी भावंडं सांभाळली. धाकटा शाळेत जायला लागला तेव्हा आमच्या चर्चच्या फादरना सगळं सांगितलं. त्यांनी आईला बोलावून खरं काय ते विचारलं. मला वाटलं, आता तरी बोलेल.

"मी कशाला खोटं बोलेन, फादर?" ती म्हणाली.

पहिलं खोटं मी समजू शकते. दुसरं नाही.

कोण खरं, कोण खोटं, ते फादर बोलले नाहीत. त्यांनी मला वर्षभर चर्चच्या शाळेत बालवर्गावर ठेवलं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. काही झालं नाही. मग त्यांनी दुसऱ्या एका धर्मसंघाच्या सिस्टरना पत्र दिलं आणि त्यांनी मला घेतलं. व्रतं घेतली त्या दिवशी भावंडं आली. आई आली नाही.

मी जन्मभर बालवर्गच शिकवला. आई गेली, फादर गेले, तिन्ही भावंडंही गेली. त्या घरातली आता मी एकटीच जिवंत आहे.