त्यानं ऐकलं नाही

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोपाशी नाही, मित्रांच्या बैठकीत नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — देवाला काय, ठाऊकच असणार, असं म्हणून तिथेही वेळ मारून नेली. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच. ओळखीच्या माणसासमोर मी पुन्हा फिरवून सांगेन. मला ती सवय लागली आहे.

आधी मी कोण ते सांगतो. घणसोली गावचा मी. आमची खाडीकाठची भातशेती नव्या शहरासाठी गेली आणि बदल्यात पैसा आला. मी वडिलांचं घर पाडलं, त्या जागी खोल्या चढवल्या आणि भाड्यानं दिल्या. नव्वदच्या त्या वर्षांत आमच्या गावात असे शेठ गल्लोगल्ली झाले होते. काल चिखलात पाय, आज पायात बूट. गळ्यात साखळी, दारात नवी जीप, आणि भाडेकरूनं 'शेठ' म्हणून हाक मारली की अंगावर मूठभर मांस चढायचं. खोटं कशाला सांगू? फार आवडायचं ते.

माझ्या एका खोलीत शंकर राहायचा. साताऱ्याकडचा. तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर गोण्या वाहायचा. घरात बायको सुनंदा आणि लहानगा विजू. शंकरइतका गरीब स्वभावाचा माणूस मी पाहिला नाही. नळावर भांडण लागलं की हा आपली बादली उचलून बाजूला उभा. कुणी पायावर पाय दिला तर हाच 'चुकलं' म्हणायचा. हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे सांगत फिरलो ते याच्या अगदी उलट होतं.

त्याला एकच नाद होता — किल्ल्यांचा. गावाकडचे डोंगरी किल्ले त्यानं पोरवयात पायी पालथे घातले होते. पण समुद्र म्हणजे वाशीच्या पुलावरून दिसते ती खाडी, एवढीच त्याची ओळख. एकदा मला म्हणाला, 'शेठ, पाण्यातला किल्ला कसा असंल वो?' मी म्हटलं, चल, दाखवतो. प्रेमानं म्हटलं का? थोडं प्रेम असेलही. पण नवी जीप होती, आणि ती मिरवायला माणसं हवी होती.

थंडीचे दिवस. मार्केटला जोडून सुट्टी आली तेव्हा निघालो. मी गाडी चालवत, शेजारी शंकर, मागे माझी बायको हिरा, सुनंदा आणि विजू. पेण मागे टाकलं, वडखळला वडे खाल्ले, रेवदंड्याच्या पडक्या तटातून चाललो, कोर्लईच्या टेकडीवर चढून दोन्ही बाजूंचं पाणी पाहिलं. काशीदच्या वाळूत विजू लाटांना लाथा घालत सुटला. सुनंदानं बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं, गावाकडे सासूला द्यायला. मुरूडला मुक्काम केला. जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून जाताना शंकर डोळे मिटून, फळी घट्ट धरून बसला होता. पण दरवाजातून आत शिरला मात्र, आणि माणूस बदलला. दगडांना हात लावत फिरला. 'आमच्याकडं गडावर पाणी चढवता चढवता माणसं मराची, आन् हितं पाण्यानंच गड राखलाय,' म्हणाला. त्याचा तो चेहरा मला अजून जसाच्या तसा दिसतो. फार सुखात होता तो.

आणि वाटभर मी काय करत होतो? माहिती देत होतो. हा बुरूज कुणी बांधला, ही तोफ कुठून आली — मला अर्धं ठाऊक, अर्धं उचलली जीभ लावली टाळ्याला. शंकर सगळं खरं धरायचा आणि मागे वळून सुनंदाला पुन्हा सांगायचा. असा ऐकणारा मिळाला की बोलणाऱ्याला चढते. मला चढली होती.

परतीच्या दिवशी अलिबागला थांबलो. तिथला कुलाबा किल्ला समुद्रात आहे, पण ओहोटीला वाळू आणि खडक उघडे पडतात आणि माणूस चालत जातो. आम्ही पोचलो तेव्हा पाणी ओसरलेलं होतं. सुनंदा विजूला घेऊन यायला तयार होईना, म्हणून बायका सुरूच्या झाडांखाली बसल्या. मी आणि शंकर निघालो.

निघताना मी त्याच्यासमोर बोटांवर भरती मोजली. ही आमच्या घरची विद्या. माझ्या वडिलांकडे शेताच्या बांधातली उघाडी होती — खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांधाला ठेवलेलं लाकडी दार. ते केव्हा लावायचं, केव्हा उघडायचं, हे बाबा तिथीवरून सांगायचे. 'तिथीची पाऊनपट कर, तितक्या वाजता पानी येतं. पन डोल्यानी बघ, पानी कुनाच्या बापाचा नोकर नाय.' मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घेतलं होतं. दुसऱ्याची मला कधी गरजच पडली नाही, कारण मी वयात येईपर्यंत शेत गेलं, बांध गेला, उघाडीही गेली. मी उघाडीला हात लावलेला माणूस नव्हतो. नुसता तिच्या नावावर मिश्या पिळणारा होतो.

शिवाय ते गणित आमच्या उघाडीचं. पाणी खाडीभर फिरून आमच्या बांधाशी यायचं, ते उशिराच यायचं, आणि घरात मोजायचे तेही तो उशीर धरूनच. उघड्या समुद्रावर त्याला कसला वळसा? ते आपल्या वेळेला हजर. ही साधी गोष्ट मला नंतर, फार नंतर, स्वतःच्या खाडीकाठी उभं राहून उमगली. त्या दिवशी मी शंकरला ठोकून सांगितलं, 'जेवनाची वेल टलून जाईल, तोवर पानी हालत नाय.' तो माझ्या बोटांकडे कौतुकानं बघत राहिला.

किल्ल्यात गणपतीचं दर्शन घेतलं, गोड्या पाण्याच्या विहिरीवर बसलो, तटावरून हिंडलो. बाकीची माणसं भराभर परत चालली होती. मी हसलो. म्हटलं, शहरातली माणसं, घोटाभर पाण्याला भितात. शंकरही हसला — मी हसलो म्हणून. शेवटी दरवाजाशी आलो तेव्हा आम्ही दोघंच उरलो होतो. आणि वाट नव्हती. जिथून कोरडे आलो तिथे पाणी धावत होतं.

आता खरं ते येतंय. इथपर्यंत मी नुसता मूर्ख होतो. मूर्खपणाला माणसं माफ करतात, नाही का?

शंकर पाण्याकडे बघत म्हणाला, 'शेठ, लई वाढलंय. थांबूया की हितंच. सांजच्याला उतरंल तवा जाऊ.'

हे तो म्हणाला. मी नाही.

काय वाईट होतं त्यात? सावली होती, प्यायला पाणी होतं, देऊळ होतं. दिवस काढला असता, पाणी उतरल्यावर आलो असतो. किनाऱ्यावर हिरानं कंबरेवर हात ठेवून विचारलं असतं, काय शेठ, कुठे गेली तुमची पाऊणपट? घणसोलीत दोन दिवस गल्लीभर हसले असते. बस. एवढीच किंमत होती. तेवढीसुद्धा मला द्यायची नव्हती. भाडेकरूसमोर खाडीवरच्या माणसाचं भरतीचं गणित चुकतं? नाक कापलं जाईल ना!

मी म्हटलं, 'अरे, कमरेइतकं पानी हाय. चल माझ्या मागून.'

'मला पवाय येत न्हाई, शेठ.'

'मी हाय ना.'

त्यानं चपला काढून हातात घेतल्या, विजार वर दुमडली आणि माझ्यामागे पाण्यात उतरला. तो नाही म्हणू शकला असता का? माझ्या खोलीत राहायचा, मला शेठ म्हणायचा, माझ्या गाडीतून आला होता. नळावर बादली बाजूला घेणारा माणूस मला कुठून नाही म्हणणार? आणि हे मला ठाऊक होतं. पाण्यात पाय टाकतानाच ठाऊक होतं.

मध्यावर पाणी छातीला लागलं. मी त्याचा हात धरला होता. एक लाट आली, पायाखालची वाळू सरकली, आणि हात सुटला. मी सोडला नाही — एवढं खरं आहे, आणि त्याचं मला भूषण नाही. मला पोहता येत होतं. मी बुड्या मारल्या, ओरडलो, पुन्हा बुड्या मारल्या. मग दम संपला आणि मी किनाऱ्याला लागलो. एकटा. मच्छीमारांनी होड्या घातल्या. दिवस कलताना त्यांनी त्याला आणून वाळूवर ठेवलं.

सुनंदा आली. रडत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, 'मालक, कसं झालं?'

मी काय म्हणालो असेन? तोंडातून जे पहिलं वाक्य निघालं ते हे — 'मी सांगत होतो थांब म्हणून. त्यानं ऐकलं नाही.'

विचार करून बोललो नाही. पण पुढे विचार करायला सबंध आयुष्य होतं, तेव्हा त्या सबबीत काही अर्थ नाही. सुनंदा वाळूत बसली आणि त्या ओल्या प्रेताचे खांदे धरून हलवायला लागली. 'का ऐकलं न्हाईसा? का ऐकलं न्हाईसा मालकांचं?' मेलेल्या माणसाला ती रागावत होती. मी शेजारी उभा होतो, अंगावरचं पाणी निथळत. तेव्हा बोलता आलं असतं. मग पोलीस आले, त्यांनाही मी तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं गेलं.

तुम्हाला वाटेल, एक खोटं वाक्य, माणूस तर गेलाच होता. मलाही तसंच वाटायचं. पण त्या वाक्यानं शंकरचा स्वभाव बदलला. घणसोलीत लोक म्हणाले, घाटावरचा माणूस, त्याला पाण्याची काय अक्कल. साताऱ्याहून त्याचे भाऊबंद आले, त्यांनाही आठवायला लागलं — लहानपणी कसा हट्टानं गडावर जायचा, घरच्यांचं न ऐकता मुंबईला कसा निघून आला. ज्याला उभ्या जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही, त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून हट्टी केलं. विजूनं कशासाठी पाय आपटले की सुनंदा म्हणायची, 'बापावर गेलास. असाच जाशील एक दिस.' पुढे पुढे पोरगा बापाचं नावच काढेनासा झाला. शाळेतून आला की माझ्याकडे येऊन बसायचा.

आणि मी? मी देवमाणूस झालो. पुढच्या नारळी पौर्णिमेला गाव खाडीवर नारळ सोडायला निघालं होतं, तेव्हा सुनंदा ताट घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, 'तुम्ही त्यास्नी भावागत अडवत हुता. आजपास्नं मला भाऊच.' मी मनगट पुढे केलं. काय करायला हवं होतं? मागे घ्यायला हवं होतं. त्यानंतर दर वर्षी ती राखी बांधत राहिली, मला दादा म्हणत राहिली, आणि मी दर वर्षी तिला साडी दिली. हिरा कौतुकानं सगळ्यांना सांगायची, माझा नवरा रक्ताच्या नात्यापेक्षा जास्त करतो.

विजू शिकला. महाप्याला नोकरीला लागला, जुईनगरला घर घेऊन आईला तिकडे घेऊन गेला. मागच्या उन्हाळ्यात सुनंदा अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले होते. एका दुपारी मी तिच्या उशाशी बसलो होतो. विजू औषधाला खाली गेला होता, सून स्वयंपाकघरात. खोलीत आम्ही दोघंच होतो. ती बारीक आवाजात म्हणाली, 'दादा, आता वर गेल्यावर त्यास्नी इचारणार हाय. दादा एवढं सांगत हुते, तर का ऐकलं न्हाईसा?'

इतकी स्वच्छ संधी कुणाला मिळते? ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, राखीचे सगळे धागे परत मागितले असते — पण नवऱ्यावरचा राग सोडून गेली असती. जन्मभराचा राग.

मी म्हणालो, 'विचार. नक्की विचार.' आणि तिथेही थांबलो नाही. वर म्हणालो, 'तो होताच हट्टी.'

ती हसली. 'लई,' म्हणाली, आणि डोळे मिटले. त्याच आठवड्यात गेली.

विजू मला मामा म्हणतो. आता त्याच्या मुलानं पोहायला शिकायचं खूळ घेतलंय, आणि विजूला त्याची भीती वाटते. आजोबा कसे गेले ते पोराला एकदा नीट समजावून सांगा, तुमच्या तोंडून ऐकेल, म्हणून त्यानं मला रविवारी जेवायला बोलावलंय. मी जाणार आहे. पोराला मांडीवर घेईन आणि नेहमीचं तेच सांगेन.