तिच्या शहरावर बॉम्ब टाकले तेव्हा

विश्रांतवाडीत माझ्या वरच्या खोलीत तीन वर्षं आफ्रिकेतली एक मुलगी भाड्याने राहत होती. पुण्यात फार्मसी शिकायला आली होती. आधी हिंदी शिकली, मग भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं मराठी. मला आँटी म्हणायची.

तिच्या शेवटच्या वर्षी तिच्या देशात यादवी पेटली आणि तिच्या शहरावर विमानांतून बॉम्ब पडू लागले. विमानं तिच्याच सरकारची. आई आणि धाकटा भाऊ तिथे अडकलेले, फोन लागेना. जिन्यात रेंज बरी येते म्हणून ती दिवसभर पायरीवर बसायची. मी ताट नेऊन द्यायची, ती दोन घास खाऊन परत करायची.

शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांची दोन्ही मुलं शाळेत माझ्या हाताखालून गेली, म्हणून मला बाई म्हणतात. वीस वर्षांचा घरोबा. दर रविवारी सकाळी पेपर घेऊन चहाला यायचे. त्या रविवारी पेपरात त्याच शहराचा फोटो होता. भर बाजारात बॉम्ब टाकला होता.

"वाईटच आहे," ते म्हणाले, "पण दुसरी बाजूही बघा, बाई. बंडखोर लोकांच्यात लपून बसतात. सरकारने करायचं काय?"

"बाजारात कोण लपलं होतं? कांदे?"

"भावनेच्या भरात बोलू नका. युद्धात असं होतंच."

"उद्या आपल्या सोसायटीत एखादा गुंड लपला, तर तुमच्या नातीसकट बिल्डिंग उडवायची का?"

ते हसले. "काहीतरीच काय. आपण पुण्यात आहोत."

मला त्या हसण्याचा संताप आला. होतंच म्हणे. गारा पडतात तसे बॉम्ब पडतात म्हणायचं. मीही वर तसंच लिहून बसले. बॉम्ब पडत नाहीत. सकाळी नाश्ता करून, पट्टा आवळून कुणीतरी वर जातो आणि टाकतो. त्याला हुकूम देणारा कुठल्यातरी एसीत बसलेला असतो. आणि हे गृहस्थ माझ्या खुर्चीत बसून, माझ्या चहात खारी बुडवून त्या दोघांना कारणं पुरवत होते.

ते गेल्यावर मुलीने जिन्यातून विचारलं, "आँटी, अंकल काय बोलले?"

"तुझ्या आईची चौकशी करत होते," मी सांगितलं. ते खोटं मला अजून बोचतं.

नवव्या दिवशी फोन लागला. आई सुखरूप होती. भावाचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. तेरा वर्षांचा मुलगा.

इंजिनिअरसाहेब गेटपाशी भेटले. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे दोघंही वाचले ना? मग झालं तर."

"अहो," मी म्हणाले, "यापुढे माझ्याकडे चहाला येऊ नका."

मुलगी पास झाली आणि दुसऱ्या देशात नोकरीला लागली. आई आणि भाऊ सीमेपलीकडच्या छावणीत आहेत. शेजाऱ्यांनी मध्यंतरी बायकोबरोबर निरोप धाडला, बाईंचा रुसवा कधी जाणार म्हणून.

"रुसले नाहीये, चिडलेय, असं सांगा त्यांना," मी म्हणाले.

त्या बिचाऱ्या तशाच परत गेल्या. त्यांच्यासाठी वाईट वाटलं, पण निरोप बदलावासा वाटला नाही.